सही करू की नको?

(पत्र नागपूरच्या मानेवाडा भागातून आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि मजकूर आटोपशीर केला आहे.)

"ताई, माझी मुलगी चौथीत आहे. यंदा तिच्या वर्गात एक मुलगा आला, त्याला ऑटिझम आहे म्हणतात. आमच्याच ले-आउटमध्ये, दोन गल्ल्या सोडून राहतो. मॅडमनी त्याला माझ्या मुलीजवळ बसवलं, कारण ती शांत आणि समजूतदार आहे. तो मधूनच उठतो, गुणगुणतो, घंटा झाली की कानांवर हात ठेवून ओरडतो. मागे एकदा सुट्टीच्या रांगेत त्यानं माझ्या मुलीला ढकललं, कोपर खरचटलं. तिची वही अपुरी राहते, डबा अर्धा परत येतो. वर्गात ४८ मुलं आहेत. आता पालकांच्या ग्रुपवर एक अर्ज फिरतो आहे, की त्या मुलाला त्याच्याच भल्यासाठी विशेष शाळेत पाठवावं. ३१ जणांच्या सह्या झाल्या, सोमवारी अर्ज द्यायचा आहे. त्याची आई या ग्रुपमध्ये नाही. आमचा त्या मुलाला विरोध नाही, पण बाकीच्या नॉर्मल मुलांनी का सोसायचं? तरीही सही करायला हात धजत नाही. पुढच्या महिन्यात मुलीचा वाढदिवस आहे, ती म्हणते त्यालाही बोलवू. त्याआधी तान्हा पोळा आहे, लहान मुलं लाकडी बैल सजवून आणतात तो, आणि मैदानावरची सगळी व्यवस्था यंदा माझ्याकडे आहे. मी वाईट बाई आहे का? काय करू?"

– सोमवारची धास्ती घेतलेली आई

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही वाईट नाही. वाईट असतात तर सही करून, ग्रुपवर अंगठा टाकून केव्हाच मोकळ्या झाल्या असतात. एवढं लांब पत्र लिहायला बसल्या नसतात. पण 'आमचा विरोध नाही, पण' असं म्हटल्यावर पुढे जे येतं तो विरोधच असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून तर हात अडतो आहे.

मला त्या डब्याबद्दल बोलायचं आहे. डबा अर्धा परत येतो, हे तुम्ही वहीच्या ओघात लिहून पुढे गेलात. चौथीतली पोर डबा का टाकते? भाजी आवडली नाही म्हणून एखाद्या दिवशी टाकेल, रोज नाही टाकणार. तिला विचारा. माझा अंदाज असा की मधल्या सुट्टीत ती त्याच्यावर लक्ष ठेवत बसते. नळावर गेला का, गेटकडे पळाला का, कुणी त्याला चिडवून राहिलं का. तिला तसं कुणी सांगितलं असेल किंवा नसेलही. 'तू समजूतदार आहेस नं' एवढं पुरतं. नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत नोकरी लागली आहे, बिनपगारी. आणि तक्रार करायचीही सोय नाही, कारण तक्रार केली की समजूतदारपणा गेला.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगते, कारण हे माझ्या हातून झालं आहे. मी २६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात पायाला कॅलिपर लावलेला एक मुलगा होता, पोलिओ झालेला. मी काय केलं, तर वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी त्याच्या शेजारी बसवली. दप्तर तिनं उचलायचं, पाणी तिनं आणून द्यायचं, सुट्टीत त्याच्यासोबत वर्गात तिनंच बसायचं. मला फार छान वाटायचं. दर पालकसभेत मी तिचं कौतुक करत असे. बऱ्याच वर्षांनी ती मला बर्डीच्या बाजारात भेटली, कडेवर लेकरू होतं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि जाता जाता हसतच म्हणाली, "मॅडम, मला तेव्हा खो-खो खेळायचा होता."

आणि त्या मुलाला तर मी कधी काही विचारलंच नव्हतं. दप्तर त्याला उचलता येत होतं. घरून दळणाचा डबा सायकलीवर ठेवून, सायकल हातात धरून तो चक्कीवर जायचा, हे त्याची आई बोलण्याच्या ओघात मला म्हणाली तेव्हा वर्ष संपत आलं होतं. मदत म्हणून मी जे केलं त्यात दोघांचीही सुट्टी गेली. सोय झाली ती माझी.

तेव्हा तुमची तक्रार खरी आहे, पण ती चुकीच्या पत्त्यावर निघाली आहे. ४८ मुलांच्या वर्गात मॅडम एकट्या आहेत आणि त्यांनी आपल्या डोईचं ओझं वर्गातल्या एका लहान मुलीच्या खांद्यावर ठेवलं आहे. तो मुलगा उद्या गेला तरी ४८ चे ४७ होतील, मॅडम एकट्याच राहतील. मग पुढचा नंबर कुणाचा? अडखळत बोलणाऱ्याचा? फिट येते तिचा? अक्षरं उलटी लिहितो त्याचा? सह्यांच्या अर्जाची चटक लागते. एकदा काम झालं की दुसऱ्यांदा मजकूरही नव्यानं लिहावा लागत नाही, फक्त नाव बदलायचं.

'नॉर्मल मुलांनी का सोसायचं' असं तुम्ही विचारलंत. या वर्गात चष्म्याची मुलं किती आहेत? 'माझ्या मुलाला फळा दिसत नाही, पुढच्या बाकावर बसवा' अशी चिठ्ठी पालक दर जूनअखेर देतात, आणि मीही दरवर्षी त्या मुलांना पुढे बसवत असे. मागे गेलेल्या मुलांच्या पालकांनी सह्यांचा अर्ज काढल्याचं मला आठवत नाही. ज्याला घंटेचा आवाज सोसत नाही त्याला घंटेआधी दोन मिनिटं सांगून ठेवणं, हे त्याच जातीचं काम आहे. चष्म्याची आपल्याला सवय झाली, याची झाली नाही.

आता 'त्याच्याच भल्यासाठी'. विशेष शाळांबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही. माझी मावसबहीण मूकबधिर विद्यालयात शिकली. घरी आम्ही सगळे तिच्याशी ओठ ताणताणून, मोठ्यानं बोलायचो, जणू मोठ्यानं बोललं की ऐकू येणार होतं. तिथे गेल्यावर तिला पहिल्यांदा हातांनी गप्पा मारणाऱ्या मैत्रिणी भेटल्या, हातांनीच चहाड्या सांगणाऱ्या आणि हातांनीच भांडणाऱ्याही. सुट्टीत घरी आली की तिला परत जायची घाई असे. माझ्या वर्गात ती असती तर मी तिच्याहीजवळ एखादी गुणी मुलगी बसवली असती, दुसरं काय! पण तिला तिथे घालायचं हे माझ्या मावशीनं आणि काकांनी ठरवलं. गल्लीनं सह्या करून पाठवलं नाही.

कायदाही नेमकं हेच म्हणतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम त्यात नव्हताच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, ते २१ झाले आणि ऑटिझमचं नाव स्पष्ट आलं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, घराजवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीनं. पसंती त्याची, म्हणजे त्याच्या घरच्यांची. चौथी 'ब'च्या पालकांची पसंती त्या कलमात कुठे येत नाही. शिवाय सरकारचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेला प्रवेशात भेदभाव करता येत नाही, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून देणं हे तिचं काम आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तर आठवीपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणजे तुमच्या मुख्याध्यापिकांनी मनात आणलं तरी हा अर्ज त्यांना मंजूर करता येणार नाही.

मग काय होतं, ते मी स्टाफरूममध्ये बसून पाहिलेलं आहे. शाळा काढून टाकत नाही, थकवते. रोज अकराच्या सुमारास आईला फोन जातो, 'आज जरा त्रास देऊन राहिला, घेऊन जा.' सहलीच्या वेळी 'तुमच्या जबाबदारीवर पाठवा.' गॅदरिंगच्या वेळी 'त्या दिवशी नाही आणलं तर बरं.' ती बाई नोकरी करत असेल तर नोकरी सुटते, नसेल तर घरातली शांतता जाते. सहा महिन्यांत ती स्वतःच दाखला मागायला येते आणि रजिस्टरमध्ये नोंद होते, 'पालकांच्या इच्छेनुसार'. तुमच्या ग्रुपच्या अर्जाचा उपयोग झालाच तर तो त्या अकराच्या फोनासाठी होईल. 'आमच्यावर पालकांचा दबाव आहे हो,' असं म्हणायला शाळेला कागद मिळेल.

ढकललं, ते मी हलक्यात घेत नाही. तुमच्या मुलीला शाळेत इजा होऊ नये ही मागणी शंभर टक्के रास्त आहे आणि ती मुख्याध्यापिकांकडे करा. पण ढकलण्याच्या आधीचं एक मिनिट मुलीकडून नीट समजून घ्या. घंटा झाली असेल, ४८ पोरं एका दारातून एकदम निघाली असतील, मागून कुणी रेटलं असेल. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना आवाज, स्पर्श, गर्दी आपल्याहून कितीतरी तीव्र जाणवते. मे महिन्यातली आपली नागपूरची दुपार आठवा, वीज गेलेली, कूलर बंद, वर टिनाचं छत, आणि शेजारच्या मांडवात लाउडस्पीकर लावलेला. अशात कुणी अंगावर येऊन उभं राहिलं तर तुम्ही कशा वागाल? त्याला हे पावसाळ्यातसुद्धा होतं, रोज, एका साध्या घंटेनं.

यावरचे उपाय फार साधे आहेत आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही. रांगेत त्याला अगदी पुढे नाहीतर अगदी शेवटी उभं करायचं, म्हणजे एक बाजू तरी मोकळी राहते. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत काढून बाकावर चिकटवायचं, म्हणजे पुढे काय होणार हे त्याला कळतं. अचानक बदल झाला की ही मुलं जास्त बिथरतात. कान झाकणारे हेडफोन चालतात. मधून उठायचंच असेल तर उठायला कारण द्यायचं, वह्या वाटायच्या, फळा पुसायचा. 'नीट वाग' या सूचनेचा त्याला अर्थ लागत नाही, 'वही उघड'चा लागतो. (खरं सांगायचं तर 'नीट वाग'चा अर्थ मला स्वतःलाही कधी लागला नाही, तरी मी २६ वर्षं ते म्हणत आले.) आणि गुणगुणणं म्हणजे बरेचदा तो स्वतःलाच शांत करत असतो. ते बंद करायला गेलं की ओरडणं सुरू होतं.

सोमवारी सही केली तर काय होईल ते वर आलंच. सही केली नाही आणि गप्प राहिलात, तर मन थोडं हलकं होईल, पण अर्जावर ३१ सह्या आहेत की ३२, यानं त्या मुलाला काय फरक पडतो? आणि तुमच्या मुलीचा डबा तर अर्धाच परत येत राहील. मी तुमच्या जागी असते तर दुसरं पत्र लिहिलं असतं. ग्रुपवर भांडत बसले नसते. ग्रुपवरचं भांडण कुणी जिंकल्याचं मी अजून पाहिलं नाही.

पत्र असं काहीसं: 'चौथी "ब"मध्ये ४८ विद्यार्थ्यांमागे एकच शिक्षिका आहेत. वर्गात विशेष गरज असलेल्या विद्यार्थ्यासाठी विशेष शिक्षक किंवा मदतनीस यांची व्यवस्था व्हावी आणि वर्गशिक्षिकांना या कामाचं प्रशिक्षण मिळावं. एका विद्यार्थ्याच्या देखभालीची जबाबदारी दुसऱ्या विद्यार्थ्यावर टाकली जाऊ नये. बसण्याच्या जागा दर पंधरा दिवसांनी सर्वांच्याच बदलाव्यात. सुट्टीच्या वेळी दाराशी एक मोठी व्यक्ती उभी असावी.' एवढंच. त्यात मुलाचं नाव नको, ऑटिझमचं वर्णन नको, 'त्रास' हा शब्द नको. जागा सगळ्यांच्या बदला असं म्हणा. 'माझ्या मुलीला त्याच्यापासून हलवा' म्हणालात तर दुसऱ्या दिवशी दुसरी समजूतदार मुलगी नेमली जाईल.

शाळा म्हणेल, विशेष शिक्षक कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये यासाठी प्रमाणच घालून दिलं आहे, प्राथमिकला अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे १. प्रत्यक्षात अशा शिक्षकांची वानवा आहे आणि तुमच्या शाळेत महिन्याभरात कुणी येऊन उभं राहील असं खोटं आश्वासन मी देत नाही. पण मागणीच झाली नाही तर शाळा ती पुढे पाठवणार कशी? दाराशी उभं राहायला आणि जागा बदलायला तर कुठल्या पदाला मंजुरी लागत नाही.

मात्र हे पत्र देण्याआधी एका व्यक्तीला दाखवायचं आहे, आणि तिथेच तुमची खरी परीक्षा आहे. त्याच्या आईला दाखवा.

तुमच्या पत्रातलं 'त्याची आई या ग्रुपमध्ये नाही' हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले. वर्गाचा ग्रुप, गृहपाठ त्यावर येतो, सुट्टीची सूचना त्यावर येते, आणि एकाच मुलाची आई त्यात नाही. आधीपासून नव्हती, की अर्ज निघाला तेव्हा काढलं? अ‍ॅडमिनला सहज विचारून बघा. उत्तर देताना जी धांदल उडेल त्यातूनच बरंच कळेल.

तिच्याकडे जाल तेव्हा एकट्या जा, शिष्टमंडळ नको. अंगारा, कुणा वैद्याचं तेल, 'माझ्या नणंदेचा मुलगाही पाचव्या वर्षापर्यंत बोलत नव्हता, आता बघा', यातलं काही नको. ते सगळं तिनं ऐकून झालेलं आहे. 'कसं करता हो तुम्ही, खरंच धन्य आहे' हेही नको. त्यानं माणूस एकदम परका होतो. तिला सांगा की मुलं एका बाकावर बसतात, म्हणून आले. विचारा, त्याला कशानं बरं वाटतं आणि कशानं बिनसतं. रांगेतल्या प्रसंगाबद्दलही सरळ बोला. तिला बहुधा कुणी सांगितलेलंच नसेल, किंवा वाढवून सांगितलं असेल. आणि हो, अर्ज निघाला आहे हेही सांगा. कुणाकडून तरी कळणारच आहे, ते तुमच्याकडून कळू द्या. ती चिडेल, कदाचित तुमच्यावरच चिडेल. आभाराची अपेक्षा ठेवून जाऊ नका. असंही होईल की ती म्हणेल, 'मीच त्याच्यासाठी विशेष शाळा बघून राहिली.' मग तो तिचा निर्णय. त्यालाही तुमची सही लागत नाही. पत्रातलं काही तिला खटकलं तर तेवढं खोडा. मुलगा तिचा आहे.

आता थोडं त्या आयांसाठी, ज्या ग्रुपमध्ये घेतल्या जात नाहीत, पण हे सदर वाचतात. शाळेशी जे बोलाल ते लेखी बोला आणि पोच घ्या. 'घेऊन जा' असा फोन आला की तारीख-वेळ वहीत टिपून ठेवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आपल्याकडे मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत मिळतं, अर्ज ऑनलाइन करायचा असतो, आणि त्यावरच ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. नागपुरात केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्रही आहे, लोक त्याला सीआरसी म्हणतात. तिथे तपासणी, थेरपी आणि पालकांना मार्गदर्शन मिळतं. मूल लहान असेल तर शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांमध्ये दिव्यांग मूल वंचित घटकात धरतात, तिथे उत्पन्नाच्या दाखल्याची अट नसते. हे माहीत नसल्यानं कितीतरी घरं फॉर्मच भरत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. दहावीला जादा वेळ, लेखनिक या सवलती मिळतात, पण कागद नववीतच तयार ठेवा. शाळा दादच देत नसेल तर आधी शिक्षणाधिकारी, आणि त्यानंतर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त.

आणि वर्गशिक्षिकांनो, गुणी मुलीला सोडा तिच्या खेळाला.

तुमच्या मुलीकडे परत येते. तिची वही अपुरी, डबा अर्धा, कोपर खरचटलेलं, आणि ती म्हणते त्याला वाढदिवसाला बोलवू. ताई, नकोसा झालेल्या माणसाला कुणी वाढदिवसाला बोलवत नाही. तिला नोकरी नको आहे, मित्र हवा आहे. हा फरक तिला शब्दांत सांगता येणार नाही, तुम्ही सांगा. 'त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम मोठ्यांचं. तू डबा खा, खेळ, वाटलं तर त्याला खेळायला घे, नाही वाटलं तर नको घेऊ,' असं स्पष्ट बोला. राग आला तर त्याच्यावर रागावायचीही तिला मुभा आहे. मैत्रीत ते चालतं.

वाढदिवसाला बोलवा. त्याच्या आईला आधी विचारा, त्याला काय सोसतं. बहुतेक ती म्हणेल, गर्दी व्हायच्या आधी अर्धा तास येतो, गाणी हळू लावा, आतली एखादी खोली मोकळी ठेवा. फुगे फुगवा, फोडू नका. आला आणि दहा मिनिटांत गेला तरी तो आलाच होता. 'अरे, थांब ना, केक तरी खा' म्हणत दारात अडवू नका, डब्यात घालून द्या. आणि बाकीच्या आया तो येणार म्हणून आपली मुलं पाठवणार नसतील, तर केक कमी लागेल.

तान्हा पोळा त्याआधी आहे आणि व्यवस्था तुमच्याकडे, हे तर बरंच झालं. लाउडस्पीकरचं तोंड मैदानाकडे न करता रस्त्याकडे करा, आवाज थोडा कमी ठेवा. म्हातारी माणसंही दुवा देतील. बैलांची रांग लावताना त्याची जागा टोकाला ठेवा, आणि परीक्षक त्याच्याकडे आधी जाऊ द्या, म्हणजे त्याला तासभर ताटकळावं लागणार नाही. एक मात्र करू नका. त्याच्यासाठी वेगळं 'उत्तेजनार्थ' काढून, त्याला समोर बोलावून, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावू नका. बैल चांगला सजवला असेल तर नंबर द्या, नसेल तर बाकीच्यांसारखा पेन द्या. त्याला पोळ्यात म्हणतात त्या सगळ्या झडत्या तोंडपाठ निघतील आणि लोक थक्क होतील, असंही काही मनात धरू नका. अशा मुलांत एखादी अचाट शक्ती असतेच, ही समजूत सिनेमानं पसरवली आहे. तशी शक्ती नसली तरी त्याला बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या पोरांना देतात तो खाऊ-पैसा, मिळायला हवा.

आणि बोजारा मैदानात थोडाच मिळतो, तो दारोदार मिळतो. तुमची मुलगी आणि आणखी दोघं-तिघं बैल घेऊन निघतील तेव्हा त्याच्या गल्लीतून जाऊ द्या, तो येतो म्हणाला तर सोबत घेऊ द्या. तुम्ही किंवा त्याची आई चार पावलं मागे राहा, म्हणजे लक्ष ठेवायचं काम पोरांकडे जाणार नाही. ज्या ३१ घरांनी सह्या केल्या त्यातली काही तुमच्याच ले-आउटमध्ये असतील. त्यांच्याही दारात ही पोरं उभी राहतील आणि तेही बोजारा देतील, कारण दारात बैल घेऊन आलेल्या पोराला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्याच्याकडे बैल नसेल तर तुमच्या माळ्यावर एखादा जुना पडला असेलच, चाक निखळलेला, शिंगाचा रंग गेलेला. तो काढून रंगवायला घ्यायचा मोह होईल. आधी विचारा. त्याच्याकडे तुमच्या मुलीच्या बैलापेक्षा मोठा असेल.